द्रवनत्राचें पात्र : रीत व निगा

भाताचें बियाणें नासकें निघालें तर तें आठ-दहा दिवसांत राबावर कळतें. रोप विरळ उगवतें, शेतकरी शेजाऱ्याकडून दुसरें बियाणें आणतो व कसाबसा हंगाम साधतो. गाईच्या बाबतींत तसें होत नाहीं. तिच्या पोटांत टाकलेलें बीज निर्जीव असलें तर तें कळावयास एकवीस दिवस लागतात, कित्येकदां तीन महिने लागतात. आणि कळल्यावरही कोणी बीजास दोष देत नाहीं, गाईच्या नशिबास देतात. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या आमच्या किनाऱ्याच्या तालुक्यांत घरचा वळू बाळगणारीं घरें विरळ झालीं असून कृत्रिम रेतनावर भिस्त ठेवणारे शेतकरी वाढले आहेत. तें रेत ज्या पात्रांत राहतें, त्या पात्राविषयीं मात्र आमच्या शेतकरी बंधूंस फारशी माहिती नसते. ती यथामति द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आम्ही महसूल खात्यांत कांहीं वर्षें तलाठ्याचें व पुढें कचेरींत कारकुनाचें काम करून निवृत्त झालों. आमचें शिक्षण मराठी शाळेपुरतें. शास्त्राचा अभ्यास केल्याचा दावा आम्ही करीत नाहीं. येथें जें लिहिलें आहे तें जाणत्या पशुवैद्यांस विचारून, पात्रापाशीं उभें राहून व स्वतः ठेंच खाऊन शिकलेलें आहे. ठेंच कशी लागली तें प्रथम सांगतों.

निवृत्तीनंतर आम्हीं गोठ्यांत दोन गाई बांधल्या. पैकीं एक दुधाळ संकरित गाय पहिल्या वेतानंतर वेळेवर माजावर आली. रेतन करविलें, एकवीस दिवसांनीं गाय उलटली. दुसऱ्यांदां करविलें, पुन्हां उलटली. तिसऱ्यांदांही तोच प्रकार. घरांत बोलणें सुरू झालें कीं गाय वांझ निघाली, दावणीला बांधून पेंढा घालण्यांत अर्थ नाहीं, दलालास द्यावी. दलाल अंगणांत येऊनही गेला. त्याच सुमारास गांवांतील आणखी चार गोठ्यांतून हेंच रडगाणें कानीं आलें. एकाच हंगामांत पांच गाई वांझ कशा व्हाव्या? तेव्हां चावडीच्या जुन्या सवयीनें आम्हीं गाई सोडून कागद पाहावयाचें ठरविलें.

ज्या केंद्रावरून रेत येत असे तेथें जाऊन आम्हीं पात्राची वही मागितली. वही होती. तींत दर सोमवारीं द्रवनत्राची पातळी लिहिलेली होती. आणि चार महिने ती पातळी एकाच आंकड्यावर उभी होती. शाई एक, अक्षराचा कल एक, खाडाखोड कोठेंही नाहीं. अशी वही एका बैठकींत भरलेली असते, हें ओळखावयास आम्हांस कोणाची साक्ष नको होती. कारण भर पावसांत शेतावर न जातां चावडींत बसून पीकपाहणीचे रकाने भरल्याचें पाप तरुणपणीं आमच्याही हातून घडलेलें आहे. पात्रांत लांकडी पट्टी घालून पाहिली. तिच्या टोंकास बोटभर दंव तेवढें आलें. वरची सारी पट्टी कोरडी. पात्राचें मूळ बूच हरवलें होतें व त्याच्या जागीं फडक्याचा बोळा कोंबलेला होता.

पुढें पात्र भरलें गेलें. पण मेलेलें रेत त्यानें जिवंत झालें नाहीं. नव्या मात्रा आणवून चौथ्यांदां रेतन केलें, तेव्हां तीच 'वांझ' गाय गाभण राहिली व तिला कालवड झाली. आमचे ६३ दिवस गेले. दुसऱ्या चौघांपैकीं एकानें तोंवर आपली गाय विकूनही टाकली होती. कोणी चोरी केली नव्हती, कोणाच्या मनांत द्वेष नव्हता; पट्टी बुडवून आंकडा लिहिण्याचें एका मिनिटाचें काम तेवढें टळत गेलें होतें.

थंडी किती व कां.— पाणी ० अंशास गोठतें. बंदरावर मासळींत बर्फ टाकतात तो याच थंडीचा. त्यांत मासळी कांहीं दिवस निभावते. घरच्या फ्रीजमधील बर्फाचा कप्पा उणें १८ अंशांच्या आसपास असतो. मोठ्या प्रयोगशाळांतून रक्ताचे व रोगजंतूंचे नमुने ठेवण्यास विजेवर चालणारा अतिशीत फ्रीजर असतो. तो उणें ८० अंशांपर्यंत जातो. द्रवनत्राची थंडी या सर्वांहून निराळी, म्हणजे उणें १९६ अंशांची आहे. आपण श्वास घेतों त्या हवेंत शेंकडा ७८ भाग नत्रवायु असतो. तोच वायु अतोनात थंड केला असतां पाण्यासारखा पातळ होतो. १८८३ सालीं क्राकोव्ह शहरीं व्रोब्लेव्स्की व ओल्शेव्स्की या दोन शास्त्रज्ञांनीं तो तसा पातळ करून दाखविला.

एवढी थंडी कशास हवी, असें कोणी विचारील. रेतांतील प्रत्येक जीवांत पाणी आहे. तें गोठतांना बर्फाच्या सुया होतात व त्या सुया त्या जीवाचें अंग आंतून फाडतात. १९४९ सालीं इंग्लंडांत पोल्ज, स्मिथ व पार्क्स या तिघांनीं दाखविलें कीं, ग्लिसरिन मिसळलें असतां रेत गोठूनही पुन्हां जिवंत राहूं शकतें. १९५१ सालीं अशा गोठविलेल्या रेतापासून केंब्रिज येथें वासरूं जन्मलें. आरंभीं हें रेत घन कर्बवायूच्या बर्फांत, म्हणजे उणें ७९ अंशांवर ठेवीत. परंतु तेथें त्याचा जोम हळूहळू उतरे. कारण असें कीं, उणें १३० अंशांच्या वर बर्फाचे बारीक कण एकमेकांस मिळून मोठे होण्याचा व्यवहार अगदीं थांबत नाहीं. उणें १९६ वर तो थांबतो, व रेत कित्येक दशकें जसेंच्या तसें राहतें. म्हणून रेताचें घर म्हणजे द्रवनत्राचें पात्र. उणें ८० चा फ्रीजर त्यास पुरत नाहीं.

विजेचा फ्रीजर व नत्राचें पात्र.— तथापि त्या फ्रीजरची रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण लाळ्या-खुरकुतासारख्या रोगाचे नमुने अशाच फ्रीजरमध्यें जपले जातात. त्यांत एकाऐवजीं दोन यंत्रें असतात. पहिलें यंत्र जी थंडी करतें, तींत दुसऱ्या यंत्राचा वायु पातळ होतो, व तो दुसरा वायु आंतील कप्पे उणें ८० पर्यंत नेतो. दोन्ही यंत्रांची उष्णता बाहेर जावी लागते. म्हणून फ्रीजर भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा व धुळीची जाळी महिन्याचे महिन्यास झाडावी. दाराच्या रबरावर बर्फ धरला तर दार नीट बसत नाहीं; तो मऊ फडक्यानें पुसावा, सुरीनें खरवडूं नये. कोणता नमुना कोणत्या कप्प्यांत आहे याची यादी दारावर बाहेरून लावावी, म्हणजे दार उघडें ठेवून शोधाशोध होत नाहीं. धोक्याच्या घंटेची बॅटरी वेळच्या वेळीं पाहावी.

एवढें करूनही हा फ्रीजर विजेचा बांधलेला आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें, त्यानंतर किनाऱ्यावरील कित्येक गांवें दिवसचे दिवस अंधारांत होतीं, हें वाचकांस सांगावयास नको. द्रवनत्राच्या पात्रास वीज लागत नाहीं. आंतील द्रव हळूहळू उकळून उडून जातो व उडतां उडतां राहिलेल्यास थंड ठेवतो. वादळांत हा मोठाच गुण आहे. पण फसवणूकही त्यांतच आहे. त्यास दिवा नाहीं, घंटा नाहीं, आवाज नाहीं. भरलेलें व रिकामें पात्र बाहेरून सारखेंच दिसतें. पट्टी बुडविणारा मनुष्य हीच त्याची घंटा.

पात्राची रचना.— रेतन करणारे कर्मचारी यास कंटेनर म्हणतात. तो म्हणजे एकांत एक बसविलेले ॲल्युमिनियमचे दोन हंडे. दोहोंमधील हवा काढून टाकलेली असते व त्या पोकळींत उष्णता अडविणारे पातळ थर गुंडाळलेले असतात. निर्वात पोकळीची ही युक्ति १८९२ सालीं जेम्स ड्यूअर यांनीं काढली. आपला चहाचा थर्मास त्याच जातीचा. आंतला हंडा केवळ मानेच्या आधारानें लोंबतो, म्हणून मान हें पात्राचें मर्मस्थान होय. आंत लांब दांड्यांचे डबे सोडलेले असतात व त्यांत रेताच्या कांड्या उभ्या राहतात. कांडींत पाव मिलिलिटर रेत असतें व तिच्यावर वळूचा क्रमांक, जात व तारीख छापलेली असते.

आपल्या प्रांतांत ही विद्या गोठ्यापर्यंत आणण्याचें मोठें श्रेय पुण्याजवळील उरुळीकांचन येथें १९६७ सालीं मणिभाई देसाई यांनीं स्थापिलेल्या बाएफ संस्थेकडे जातें. उत्तम वळू एका जागीं राहावा व त्याचें बीज गांवोगांव शेतकऱ्याच्या दारीं जावें, हें द्रवनत्रामुळेंच साधतें. कोंकणांतील आपली लहान, चिवट, डोंगर चढणारी गाय २०१८ सालीं 'कोंकण कपिला' या नांवानें स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. कोणी तिचा वंश राखील, कोणी गीर वा जर्सीकडे वळेल. तो ज्याचा त्याचा विचार. परंतु पात्र कोरडें पडलें तर कोणत्याही वळूचें बीज सारखेंच मरतें.

पातळीचा नियम.— आठवड्यांतून एकदां, ठरल्या वारीं, लांकडाची वा प्लास्टिकची भरींव पट्टी तळापर्यंत बुडवावी, दहा आंकडे मोजून काढावी व हवेंत हलवावी. द्रव जेथपर्यंत होता तेथपर्यंत पांढरें दंव धरतें. तें मोजून लिहावें. पोकळ नळी कदापि वापरूं नये. तिच्या वरच्या तोंडांतून द्रव उसळून अंगावर येतो. ज्यांजवळ वजनकांटा आहे त्यांनीं पात्र तोलून पाहावें. एक लिटर द्रवनत्र सुमारें ८०० ग्रॅम भरतें. पातळी पात्राच्या उंचीच्या एक-तृतीयांशावर येण्यापूर्वींच भरणा मागवावा. पावसाळ्यांत रस्ता कोठें तुटेल व भरण्याची गाडी किती दिवस अडेल याचा नेम नसतो, म्हणून ज्येष्ठ ते भाद्रपद ही मर्यादा निम्म्यावर धरावी, असें आमचें मत आहे. आठवड्याची घट दर खेपेस साधारण सारखी असावयास पाहिजे. ती एकाएकीं वाढली तर पात्राची पोकळी बिघडली, असें समजावें.

बुचाचा नियम.— पात्राचें मूळ बूचच वापरावें. तें मुद्दाम सैल केलेलें असतें, कारण एक लिटर द्रवाचा सुमारें ७०० लिटर वायु होतो व त्यास वाट पाहिजे. बूच घट्ट ठोकणें म्हणजे पात्र फोडण्याची तयारी करणें होय. फडक्याचा बोळा कोंबणें म्हणजे द्रव उधळून टाकणें होय. झांकण घट्ट बसणाऱ्या थर्मासांत वा बाटलींत द्रवनत्र कधींही ओतूं नये.

डबा उचलण्याचा नियम.— कांडी काढतांना डबा मानेच्या आंतच, दंवाच्या रेघेखालीं ठेवावा. तोंडाबाहेर काढूं नये. दहा आंकड्यांत कांडी सांपडली नाहीं तर डबा पुन्हां द्रवांत बुडवावा व मग दुसऱ्यांदां शोधावें. कांडी एकदां वर येऊन तापली व पुन्हां खालीं गेली कीं ती दिसावयास तशीच राहते, आंतलें बीज मात्र दुबळें होतें. असें चार-पांच वेळां झालें म्हणजे पात्र द्रवानें भरलेलें असूनही रेत मेलेलें असतें. म्हणून कोणती कांडी कोणत्या डब्यांत आहे याची चिठ्ठी पात्राच्या बाहेर असावी.

जागेचा व वाहतुकीचा नियम.— पात्र नेहमीं उभें ठेवावें; आडवें करूं नये, फरफटत नेऊं नये, आदळूं नये. आमच्या किनाऱ्याच्या खाऱ्या हवेंत ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशी धरते. म्हणून पात्र ओल्या जमिनीवर न ठेवतां लांकडी फळीवर ठेवावें, गोड्या पाण्याच्या फडक्यानें पुसून कोरडें करावें, व खताच्या पोत्यांजवळ ठेवूं नये. पावसाळ्यांत मानेभोवतीं थोडा घाम येतो. त्यास भिण्याचें कारण नाहीं. परंतु हंड्याच्या पोटावर घाम वा दंव दिसूं लागलें तर पोकळी गेली असें जाणून कांड्या ताबडतोब दुसऱ्या भरलेल्या पात्रांत हलवाव्या. वर्षांतून एकदां पात्र रिकामें करून दोन-तीन दिवस उबेस येऊं द्यावें, सौम्य साबणानें धुवावें, पालथें घालून पूर्ण वाळवावें, व प्रथम थोडासा द्रव घालून मग सावकाश भरावें.

जिवाचा धोका.— द्रवनत्र अंगावर पडलें तर भाजल्यासारखी जखम होते. हातमोजे, चष्मा व पायांत बंद जोडे असावे. जखम चोळूं नये; कोमट पाणी लावून डॉक्टरांकडे जावें. याहून मोठा धोका न दिसणारा आहे. नत्रवायूस रंग नाहीं, वास नाहीं. बंद खोलींत तो साठला तर श्वासाची हवा हटवितो व मनुष्य न कळत बेशुद्ध पडतो. म्हणून पात्र हवेशीर जागीं असावें. मोटारींतून नेतांना खिडक्या उघड्या ठेवाव्या. आगरदांडा-दिघी ओलांडतांना जेट्टीवर गाडी उभी असली तरीही त्या लावूं नयेत. लहान मुलांस पात्राजवळ फिरकूं देऊं नये.

गोठ्याच्या दारीं.— पात्रांतून काढलेली कांडी ३७ अंशांच्या पाण्यांत ३० सेकंद धरावी लागते. हें पाणी अंगाच्या उबेइतकेंच असतें. अंगणांतल्या थंड पाण्यांत बुडविणें, खिशांत ठेवणें वा तळहातावर चोळणें हे प्रकार चुकीचे आहेत. मग कांडी कोरडी पुसून, उन्हापासून जपून, लगेच वापरावी. कारण उरलेल्या पाण्याचा थेंबही रेतास बाधतो. एकदां वितळलेली कांडी परत पात्रांत टाकतां येत नाहीं. गाय सकाळीं माजावर दिसली तर त्याच सायंकाळीं, व सायंकाळीं दिसली तर दुसऱ्या सकाळीं रेतन करावें, ही जुनी शिस्त शेतकऱ्यानें पाळावी. माज वेळेवर ओळखून कळविणें हें आपलें काम आहे. त्यांत चूक करून पात्रास दोष देणेंही न्यायाचें नाहीं.

वाचकांपैकीं बहुतेकांस पात्र स्वतः बाळगावयाचें नाहीं, हें आम्ही जाणतों. त्यांनीं चार गोष्टी कराव्या. कर्मचारी दारीं आला म्हणजे कांडीवरील क्रमांक आपल्या वहींत उतरून घ्यावा. पाणी किती उबदार आहे, त्यांत बोट घालून पाहावें. महिन्यांतून एकदां केंद्रावर जाऊन, आदरानें बोलून, पट्टी आपल्या डोळ्यांसमोर बुडवावयास सांगावी. आणि गाय दोनदां उलटली तर दलालास हांक मारण्यापूर्वीं शेजाऱ्यांच्या गाईंची चौकशी करावी. एकट्याचीच गाय उलटत असेल तर ती पशुवैद्यास दाखवावी. अनेकांच्या उलटत असतील तर पात्र पाहावें.

कर्मचाऱ्यावर संशय घेण्यास आम्ही सांगत नाहीं. एकटा मनुष्य पावसापाण्यांतून दहा-पंधरा गांवें फिरतो. त्याचें पात्र वेळेवर भरून येत नसेल तर वरिष्ठांकडे अर्ज करणें, गाडी अडली तर आपल्या टेंपोंतून पात्र पोंचविणें, हें आपलेंही कर्तव्य आहे. आमच्या गांवीं आतां पातळीच्या वहींत दोन सह्या होतात. एक कर्मचाऱ्याची व दुसरी त्या आठवड्यास पाळी असलेल्या शेतकऱ्याची. आंकडे दर सोमवारीं बदलतात, शाई बदलते, एखाद्या पानावर पावसाचा थेंबही पडलेला दिसतो. तीस वर्षें दप्तर पाहिलेल्या आमच्या डोळ्यांस ती मळकी वही फार चांगली वाटते. ती कालवड आतां स्वतः माजावर येऊं लागली आहे. तिच्या वेळीं पट्टी बुडविण्याची पाळी आमची आहे.